दर पावसाळ्यात दुखणारी अनामिका: गिटार आणि हँगबोर्ड एकाच हाताला कसे झेपतील

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच ताडून बघता येईल. डाव्या हाताची अनामिका, तळव्याकडची बाजू, बोटाच्या बुडाचं पहिलं पेर. सकाळी मूठ वळताना तिथे ताठरतं. अंगठ्याने चाचपलं तर नेमक्या एका ठिकाणी दुखतं. चहा होईपर्यंत बोट मोकळं होतं आणि आपण विसरून जातो. संध्याकाळी क्लायंबिंगच्या वॉलवर बारीक होल्ड (पकडायची खुंटी किंवा कड) क्रिम्प केला, म्हणजे बोटं घट्ट दुमडून टोकांनी धरला, की तीच जागा पुन्हा बोलते. घरी येऊन गिटारवर एफचा बार कॉर्ड लावावा (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबून धरायचा स्वरसमूह), तर अनामिका तारेवर टेकते पण जोर देत नाही.

मला हे सलग तीन वर्षं झालं. जुलैच्या अखेरीस सुरू व्हायचं, गणपतीत कळस गाठायचं आणि दिवाळीच्या सुमारास आपोआप कमी व्हायचं. आपोआप कमी होतंय म्हणून मी ते कधी नीट शोधलंच नाही. हीच सगळ्यात मोठी चूक झाली. दरवर्षी ठरावीक महिन्यात उगवणाऱ्या दुखण्याला ठरावीक कारण असतं. ते सापडेपर्यंत मी जे उपाय केले, ते सगळे अर्धवट निघाले.

पहिल्या वर्षी वॉल तीन आठवडे बंद ठेवली. क्लायंबिंगची दुखापत आहे, मग क्लायंबिंग थांबवलं की बरी होईल, असं वाटलं. त्याच तीन आठवड्यांत सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या कार्यक्रमाच्या तालमी होत्या, रोज अडीच तास, आणि निम्मी गाणी बार कॉर्डवर. बोट जराही सुधारलं नाही. दुसऱ्या वर्षी टेप गुंडाळून दोन्ही चालू ठेवलं. टेपमुळे धीर येतो, पण बोटावरचा भार होता तेवढाच राहतो. तिसऱ्या वर्षी वैतागून दोन्ही एक महिना बंद केलं. दुखणं गेलं. मग ज्या वजनावर सोडलं होतं त्याच वजनावर पुन्हा लटकायला लागलो आणि पंधरा दिवसांत जैसे थे.

उलगडा झाला तो गिटार दुरुस्त करणाऱ्या काकांच्या दुकानात. मी गेलो होतो तारा बदलून घ्यायला. काकांनी गिटार आडवी धरून मानेवरून डोळा लावला, बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या धातूपट्टीवर, मोजपट्टी टेकवली आणि म्हणाले, “अरे, ही फुगलीये. सहावी तार साडेतीन मिलिमीटर वर आहे. दोन महिने हिच्याशी कुस्ती खेळतोयस का?”

“काका, बोटं दुखतात हल्ली, पण ते क्लायंबिंगमुळे असेल.”

“असेलही. पण ही गिटार घेऊन मी अर्धा तास बसलो तर माझीही दुखतील.”

घरी येऊन मी जुनी डायरी काढली. त्यात वॉलवरचे आणि हँगबोर्डचे (बोटांनी लटकून सराव करायची खाचांची फळी) दिवस लिहिलेले होते, गिटारचा मात्र एकही दिवस नोंदलेला नव्हता. बाहेर पाऊस असतो, सह्याद्रीतला कातळ ओला आणि शेवाळलेला, तैलबैला आणि नागफणीचे कडे ऑक्टोबरपर्यंत बंद. म्हणून जून लागला की आपण सगळे वॉलवर आणि दाराच्या चौकटीवर ठोकलेल्या हँगबोर्डवर येतो. म्हणजे बोटांचा सगळ्यात कडक सराव पावसाळ्यातच होतो. त्याच महिन्यांत हवेतला दमटपणा लाकडात शिरतो, गिटारची पुढची लाकडी फळी फुगते, ब्रिज (फळीवरची तारा अडकवायची पट्टी) वर उचलला जातो आणि तारा फ्रेटपासून लांब जातात. त्यातच गणपतीच्या तालमी. तीनही भार एकाच हाताच्या त्याच बोटांवर एकाच वेळी चढतात, आणि आपण त्यांचा हिशेब तीन वेगवेगळ्या वह्यांत मांडतो, किंवा मांडतच नाही.

आत नेमकं काय होतं

बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांमध्ये नसतात, ते कोपराखालच्या हातात असतात. तिथून निघालेले टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) मनगटातून, तळव्यातून बोटांच्या टोकांपर्यंत जातात. टेंडन हाडाला चिकटून राहावेत म्हणून वाटेत पट्ट्यांसारख्या कड्या असतात, त्यांना पुली म्हणतात. बुडाच्या पेरावरची ए-टू आणि मधल्या पेरावरची ए-फोर या दोन सगळ्यात महत्त्वाच्या. मासेमारीच्या गळाच्या काठीवर दोरी ज्या कड्यांतून जाते, तशीच ही रचना. काठी जितकी वाकवाल तितका कडीवर ताण. क्रिम्पमध्ये मधला सांधा काटकोनात वाकलेला आणि शेवटचं पेर उलटं मागे झुकलेलं असतं. अशा वेळी ए-टूवर येणारा ताण हात मोकळा ठेवून, म्हणजे बोटं फारशी न दुमडता, धरण्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. क्लायंबरांच्या पुलीच्या दुखापती अनामिकेत आणि मधल्या बोटात सर्वाधिक होतात.

आता गिटार. माझं वजन 68 किलो. दोन हातांनी लटकलो तर प्रत्येक बोटावर साधारण साडेआठ किलो. तार दाबायला त्याच्या मानाने फारच थोडा जोर लागतो, म्हणून गिटारचा भार आपण मोजत नाही. पण वेळ बघा. दहा सेकंदांचे सहा हँग केले तर तो एकूण एक मिनिट झाला. अडीच तासांच्या तालमीत डावा हात तास-दीड तास तरी दाबलेल्या अवस्थेत असतो. जोर कमी, काळ प्रचंड. आणि हे काम करणारे स्नायू आणि टेंडन तेच.

याखेरीज एक गोष्ट आरशासमोर बसून वाजवल्याशिवाय मला दिसली नव्हती. दमलो की माझ्या अनामिकेचं शेवटचं पेर तारेवर उलटं मागे झुकत होतं. नीट बसलेल्या बोटाचं शेवटचं पेर आत वाकलेलं असतं, टोक तारेवर उभं. ते उलटलं की तो आकार हुबेहूब क्रिम्पचा होतो. म्हणजे तालमीच्या शेवटच्या तासात मी गिटारवर हलका पण न संपणारा क्रिम्प मारत बसलो होतो. तुम्हीही एकदा मोबाइलवर स्वतःचा डावा हात चित्रित करून बघा, आणि ताजा असताना नाही, दीड तासानंतर बघा.

तुमचं दुखणं वेगळं असू शकतं

इथे घाई करू नका, कारण जागा बदलली की उपाय बदलतो. बुडाच्या पेरावर तळव्याकडून दुखतं आणि क्रिम्पला जास्त, मोकळ्या हाताला कमी, तर संशय पुलीवर. होल्डवर असताना ‘टक्’ असा आवाज आला, बोट सुजलं किंवा काळंनिळं झालं, तर पुढचं काही वाचू नका, त्याच आठवड्यात हाताच्या डॉक्टरांकडे जा. सोनोग्राफीत टेंडन हाडापासून किती उचलला जातो ते दिसतं, आणि पुली नुसती ताणली की पूर्ण तुटली ते त्यावरून ठरतं. एकापेक्षा जास्त पुली तुटल्या असतील तर शस्त्रक्रियेचाही विचार होतो.

मधला सांधा दोन्ही बाजूंनी सुजलेला, सकाळी जाड वाटणारा आणि पूर्ण वळायला कुरकुरणारा असेल, तर ते बहुधा सांध्याच्या आवरणाचं दुखणं. ते चिवट असतं, पण क्रिम्प कमी केला आणि सांधा दिवसभरात हलका-हलका फिरवत राहिलं की हळूहळू उतरतं.

तिसरा प्रकार गिटारवाल्यांना चकवतो. अनामिका एकटी ताणली आणि शेजारची बोटं मुडपलेली असली, की तळव्यात कळ जाते. हे तळव्यातल्या छोट्या स्नायूंचं ताणणं असतं. ते स्नायू थेट टेंडनवरूनच निघतात, त्यामुळे एक बोट सरळ आणि बाजूचं वाकलेलं असलं की ते दोन दिशांना ओढले जातात. क्लायंबिंगमध्ये हे एका-दोन बोटांच्या खळग्यांनी होतं. गिटारवर करंगळी दूर पसरून अनामिका आत वाकलेली ठेवणाऱ्या कॉर्डमुळे दुखावलेला स्नायू पुन्हा पुन्हा डिवचला जातो. यावर दुखरं बोट शेजारच्या बोटाला टेपने बांधणं आणि तसे कॉर्ड काही आठवडे वगळणं, हे साधंच पण लागू पडतं.

अंगठ्याच्या बुडाशी मनगटावर दुखत असेल, तर तुम्ही गिटारची मान चिमट्यासारखी आवळताय आणि वॉलवर पिंचही (अंगठा आणि बोटांच्या चिमटीत होल्ड धरणं) फार करताय, असं समजा. कोपराच्या बाहेरच्या अंगाला दुखतं ते बोटं उघडणाऱ्या स्नायूंचं. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री मुंग्या येत असतील, किंवा अनामिका-करंगळी बधिर होत असतील, तर ते नसेचं काम आहे. तिथे घरगुती प्रयोग नकोत.

घरात तेरा ते सोळा वर्षांचं मूल क्लायंबिंग करत असेल तर हे लक्षात ठेवा: त्या वयात हाडाच्या वाढीचा भाग पुलीपेक्षा कमजोर असतो. मधल्या सांध्याजवळ दुखतंय म्हणाला तर एक्स-रे काढा. हँगबोर्डवर जादा वजन लावणं, क्रिम्पमध्ये लटकणं आणि कॅम्पस बोर्ड (पाय न टेकता फक्त हातांनी चढायच्या पट्ट्या) त्या वयात नकोच, मुलगा कितीही हुशार असो.

गिटारच्या बाजूने दुरुस्ती

मी सुरुवात इथून केली, कारण इथला फायदा फुकट असतो. सूर तोच राहतो, कष्ट कमी होतात.

पहिली तपासणी: पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि एका घराने वर सरकून तोच बार वाजवा. अचानक सोपं वाटलं तर नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा उंच आहेत. त्या खोल करून घेणं हे दुकानातलं छोटं काम आहे. स्वतः कानस घेऊन बसू नका, एक फटका जास्त गेला की तार खडखडते आणि नट नवा घालावा लागतो.

दुसरी तपासणी बाराव्या फ्रेटवर. अकूस्टिकवर सहावी तार अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि पहिली त्याहून थोडी खाली असेल तर ठीक. साडेतीनला पोचली असेल तर बोटांचं ऐका. इथे एक बारकावा आहे: फळी फुगल्यामुळे तारा वर गेल्या असतील तर ट्रस रॉड (मानेतली सळई) पिळून उपयोग नाही, तो मानेचा बाक बदलतो. तारा खाली आणायला सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती छोटी पट्टी, घासावं लागतं. पण पावसाळ्यात घासलेलं सॅडल जानेवारीच्या कोरड्या हवेत फार खाली जातं आणि तारा खडखडतात. काकांनी सुचवलेला उपाय मी डोळे झाकून स्वीकारला: दोन सॅडल ठेवायची, एक पावसाळी, एक हिवाळी. तारा बदलतानाच सॅडल बदलायचं, पाच मिनिटांचं काम.

शिवाय गिटार भिंतीवर टांगून ठेवू नका, निदान जून ते सप्टेंबर. कडक केसमध्ये सिलिका जेलच्या पिशव्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. लाकडाला पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते. आपल्याकडे पावसाळ्यात उघड्या खोलीत ती सहज ऐंशीच्या वर असते. जेल ओलं झालं की मंद आचेवर कोरडं करून परत वापरता येतं.

तारांचंही बघा. मी वर्षानुवर्षं बारा गेजचा (गेज म्हणजे तारेची जाडी) संच वापरायचो, आवाज भरदार येतो म्हणून. त्या सहा तारांचा एकूण ताण 70 किलोच्या वर जातो. दहा गेजला आलो तर साधारण दहा-बारा किलो कमी झाले. आवाज थोडा पातळ झाला, पण माइकवर वाजवताना श्रोत्यांना फरक कळत नाही. मलाही दोन आठवड्यांनी कळेनासा झाला. याहून जास्त दिलासा हवा असेल तर गिटार अर्धा सूर उतरवून लावा आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. सूर मूळचाच राहतो. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे अर्धा सूर उतरवल्याने सुमारे 11 टक्के ताण घटतो, आणि कॅपोमुळे उंच नटचा त्रासही टळतो. दुखऱ्या बोटाने तालीम टाळता येत नसेल त्या आठवड्यात मी हेच करतो.

मग दाबण्याची सवय. तारेवर बोट नुसतं टेकवा आणि उजव्या हाताने छेडत राहा. सुरुवातीला बोथट टकटक येईल. आता अगदी हळू दाब वाढवत न्या आणि स्वर स्वच्छ उमटला त्या क्षणी थांबा. तेवढाच दाब लागतो. त्याहून वर जे देता ते वाया. बोट फ्रेटच्या धातूपट्टीच्या लगेच मागे ठेवलं तर हा दाब आणखी घटतो. रोज पाच मिनिटं, महिनाभर. क्लायंबरांना हे अवघड जातं, कारण घट्ट धरणं आपल्या अंगात मुरलेलं असतं, आणि गिटार हातात आली तरी हात होल्ड समजूनच धरतो. अंगठा मानेवरून पूर्ण काढून बार वाजवायचा प्रयत्न करा. हाताच्या वजनाने आणि कोपराच्या ओढीनेच बराचसा बार बसतो, हे पटेल.

आणि प्रत्येक वेळी सहाही तारा दाबायची गरज नसते. बँडमध्ये बास गिटारवाला असेल तर खालचे स्वर तोच वाजवतोय. मधल्या तीन तारांवरचा तीन स्वरांचा कॉर्ड पुरतो, बहुतेक वेळा ऐकायलाही बरा लागतो. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचा डावा हात 1928 साली राहत्या गाडीला लागलेल्या आगीत भाजला, अनामिका आणि करंगळी जवळपास निकामी झाली. त्यानंतरचं त्याचं एकल वादन मुख्यतः दोन बोटांचं आहे. अनामिकेला टेप लावून बसायची वेळ आली की मी त्याची वाट धरतो आणि तर्जनी-मधल्या बोटांनी काय काय होतं ते शोधतो. ते दिवस वाया गेल्यासारखे वाटत नाहीत.

हँगबोर्डच्या बाजूने दुरुस्ती

इथे माझं मत जरा ठाम आहे. आपल्यातले बरेचजण जेवढा हँगबोर्ड करतात तेवढ्याची त्यांच्या क्लायंबिंगला गरज नसते. हिवाळ्यात लिंगाण्याच्या किंवा खडा पारशीच्या सुळक्यावर जाणाऱ्याला पायांवरचा विश्वास, दोराचं काम आणि तासन्‌तास टिकणारा दम लागतो, दहा मिलिमीटरच्या कडेवर जादा वजन लावून लटकण्याची ताकद नाही. बदामीच्या वालुकाश्मातल्या बारीक कडांवर कठीण मार्ग करायचे असतील तर गोष्ट वेगळी. आधी ठरवा तुम्ही कशासाठी लटकताय.

लटकायचंच असेल तर वीस मिलिमीटरची कड, मोकळा हात किंवा अर्धा क्रिम्प, म्हणजे शेवटचं पेर उलटं न झुकवता. पूर्ण क्रिम्प हँगबोर्डवर नको. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस. दहा सेकंद लटकणं, तीन मिनिटं विश्रांती, पाच-सहा फेऱ्या. प्रत्येक हँग संपताना अंगात आणखी तीन-चार सेकंद शिल्लक असावेत. हात सुटेपर्यंत लटकायचं नाही.

दुखऱ्या बोटासाठी मला सगळ्यात उपयोगी पडला तो घरातला वजनकाटा. तो हँगबोर्डखाली ठेवायचा, त्यावर उभं राहायचं आणि पाय न उचलता हातांनी हळूहळू भार घ्यायचा. काट्यावर 68 ऐवजी 48 दिसले, म्हणजे दोन्ही हातांवर मिळून 20 किलो. आता तुमच्याकडे आकडा आहे. दुखणं सुरू होतं त्या आकड्याच्या बरंच खाली राहून दहा सेकंद धरा, पन्नास सेकंद सोडा, असं दहा मिनिटं. पुढच्या आठवड्यात दोन किलो वाढवा. दुखलं तर मागच्या आकड्यावर परत. तिसऱ्या वर्षीची माझी महिनाभराची सक्तीची विश्रांती फसली, कारण टेंडन नुसत्या विश्रांतीने बळकट होत नाही, त्याला थोडा, मोजका, नियमित भार लागतो. स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतात, टेंडन आणि पुलीला महिने लागतात. आपला उत्साह स्नायूंच्या घड्याळावर चालतो, म्हणून घोटाळा होतो.

वेळेचं एक गणितही मला पटलं. कॅलिफोर्नियातले संशोधक कीथ बार यांच्या प्रयोगशाळेत तयार केलेल्या लिगामेंटवर (हाडाला हाड जोडणारा बंध) असं दिसलं, की भाराला मिळणारा पेशींचा प्रतिसाद पाच-दहा मिनिटांत थांबतो आणि पुन्हा जागा व्हायला सुमारे सहा तास जातात. प्रयोगशाळेतली गोष्ट थेट आपल्या बोटांना लागू होईलच असं धरू नका. पण त्यावरून मी एक शिस्त घेतली: हलके हँग सकाळी दहा मिनिटं, आणि पुढचा बोटांचा जोर, गिटार असो वा वॉल, सहा तासांनंतर. निदान माझ्या हाताला ती मानवली.

बोटं उघडणाऱ्या स्नायूंना विसरू नका. गिटार आणि क्लायंबिंग, दोन्ही मुठीचे खेळ, आणि कोपराच्या दुखण्याचं मूळ बऱ्याचदा इथेच. पाचही बोटांभोवती जाड रबरबँड घालून बोटं फाकवणं कुठेही जमतं. घरी तांदळाच्या डब्यात मनगटापर्यंत हात खुपसून आत बोटं उघडायची, मिटायची, फिरवायची, दोन-तीन मिनिटं. घरच्यांना आधी सांगा आणि त्यासाठी वेगळा डबा ठेवा.

आठवडा कसा लावायचा

मी सुरुवातीला एक दिवस गिटार, एक दिवस वॉल असं आलटून पालटून करायचो. ऐकायला समतोल वाटतं, पण त्यात बोटांना सुटीचा दिवस उरतच नाही. आता उलट करतो: जड दिवस दोन्हीसाठी जड, हलका दिवस दोन्हीसाठी हलका. मंगळवारी आणि शनिवारी सकाळी गिटारचा कठीण भाग, बार, बेंड (तार ओढून सूर चढवणं), वेगाचे तुकडे, आणि संध्याकाळी वॉल किंवा हँगबोर्ड. सूक्ष्म काम ताज्या हाताने आधी, दांडगं काम नंतर. हा क्रम उलटा केला, म्हणजे हँगबोर्डनंतर बार कॉर्ड घोटत बसलो, की शेवटचं पेर उलटायला लागतं हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. बुधवार आणि रविवार बोटांना खरी सुटी. त्या दिवशी गिटार घेतलीच तर उजव्या हाताचं काम: ताल, पिकिंग, मोकळ्या तारा. नाहीतर कानाचं काम, गाणी ऐकून कॉर्ड लिहिणं. उरलेल्या दिवशी साधं वाजवणं आणि सोपं क्लायंबिंग, मोठे होल्ड, पायांवर लक्ष.

कार्यक्रमाच्या आधी दोन दिवस हँगबोर्ड बंद. तालमींचा पंधरवडा असेल तर त्या काळात हँगबोर्डवर नवीन वजन वाढवायचं नाही, आहे तेवढं राखायचं. गणपतीची तारीख वर्षभर आधी माहीत असते. मग सराव त्याभोवती का आखू नये?

नोंद मात्र एकाच वहीत. मी रोज तीन आकडे लिहितो: गिटारची मिनिटं, वॉलची आणि हँगबोर्डची मिळून मिनिटं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मूठ वळताना दुखण्याला दहापैकी गुण. दोनपर्यंत असेल तर ठरलेलं चालू. तीन-चार असेल तर दोन्हीतला निम्मा भार कमी. पाच किंवा वर असेल तर त्या दिवशी दोन्ही बंद. महत्त्वाचा तो सकाळचा आकडा, कारण खेळताना अंग तापलेलं असतं आणि बोट खोटं बोलतं. वेदनाशामक गोळी घेऊन तालमीला किंवा वॉलला जाणं तर पूर्ण टाळा. गोळी फक्त हा आकडा पुसते.

टेपबद्दल लोक फार विचारतात. पुली दुखावलेली असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांत एच आकाराची टेप उपयोगी, दोन कापलेल्या शेपट्या मधल्या सांध्याच्या खाली आणि दोन वर, मधला पूल सांध्यावर. धडधाकट बोटाला दुखापत होऊ नये म्हणून टेप लावण्यात मला अर्थ दिसला नाही.

कातडीचं थोडक्यात. गिटारचा घट्टा बोटाच्या अगदी टोकावर येतो, क्लायंबिंगचा त्याच्या खाली गादीवर. दोन्हींच्या मधली कड जाड झाली की ती होल्डवर सोलली जाते, म्हणून आठवड्यातून एकदा बारीक कानशीने सपाट करा. वॉलवरून आलात की हाताला लावलेली चॉकची पूड धुऊन अर्धा तास थांबूनच तारांना हात लावा, मऊ पडलेल्या कातडीत तार कापल्यासारखी रुतते. उजव्या हाताची नखं वाढवून वाजवणाऱ्यांची खरी पंचाईत होते, कारण होल्डवर ती तुटतातच. मी नखं कापली आणि बोटाच्या गादीने वाजवायला लागलो. स्वर मऊ झाला, त्याची सवय व्हायला दोन महिने गेले.

हा माझा या पद्धतीचा दुसरा पावसाळा. गेल्या वर्षी सकाळचा आकडा एकदाच चारवर गेला, विसर्जनाच्या आदल्या आठवड्यात, आणि वहीत लगेच दिसलं की त्या आठवड्यात गिटार अकरा तास झाली होती. हँगबोर्ड एकदाच रद्द केला, चार दिवसांत आकडा एकवर आला. यंदा पावसाळी सॅडल जूनच्या पहिल्या आठवड्यात बसवलं. हिवाळी सॅडल केसच्या खिशात चिठ्ठी लावून ठेवलंय. तैलबैल्याला जायच्या आधी, नोव्हेंबरात, ते बदलायचं आहे.